हिशोब लागेना म्हणून बांधलेलं यान

ही गोष्ट बुरानची, म्हणजे सोव्हिएत युनियनच्या स्पेस शटलची. तर झालं असं की १९७०च्या दशकात मॉस्कोमधले काही अत्यंत हुशार लोक अमेरिकेचा एक हिशोब तपासत बसले होते आणि तो काही केल्या लागत नव्हता. अमेरिका स्पेस शटल बांधतेय, ते वर्षाला ६० उड्डाणं करणार, दर खेपेला जवळजवळ ३० टन माल वर नेणार आणि १५ टनांपर्यंत खाली आणू शकणार, हे सगळं नासा उघडपणे सांगत होती, लपवाछपवी काही नाही. आता ६० गुणिले ३० म्हणजे १८०० टन. एवढं सामान वर पाठवायला अमेरिकेकडे होतंच कुठे? आणि खाली काय आणायचं? वर अशी कुठली खाण सापडलीये जिथून वर्षाला ९०० टन माल उतरवायचाय? मस्तिस्लाव केल्डिश हे तिथले मोठे गणितज्ञ, सोव्हिएत विज्ञान अकादमीचे बरीच वर्षं अध्यक्ष, त्यांच्या इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी आकडे सगळीकडून फिरवून पाहिले आणि निष्कर्ष एकच निघाला की हे प्रकरण पैशांत परवडणं शक्यच नाही.

इथपर्यंत त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. शटल कधीच परवडलं नाही. वर्षाला ६० सोडाच, एका वर्षात सगळ्यात जास्त उड्डाणं झाली ती १९८५ साली, आणि ती ९. तीस वर्षांत सगळी मिळून १३५.

खरी गंमत पुढच्या पायरीवर आहे. हिशोब लागत नाही म्हटल्यावर साध्या माणसाच्या मनात येईल की समोरच्याने पैसे मंजूर करून घ्यायला आकडे फुगवलेले दिसतायत. हे तिथे कुणाच्या मनात आलंच नाही, किंवा आलं असेल तर वरिष्ठांना लिहून द्यायची सोय नसेल. त्यांनी अर्थ काढला तो असा की ज्याअर्थी परवडत नसूनही बांधतायत त्याअर्थी खरं कारण वेगळं आहे, आणि ते लष्करी असणार. त्यात कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गच्या हवाई दलाच्या तळावरूनही शटल उडवायचं घाटत होतं, अमेरिकन हवाई दलाने मोठे त्रिकोणी पंख मागून घेतले होते, म्हणजे एकच फेरी मारून परत तिथेच उतरता येईल. मग काय, शंकेला पंखच फुटले. आपले उपग्रह पकडून नेतील का, लेझर बसवतील का, आणि १९७६च्या एका अहवालात तर ही शक्यताही तपासून झाली की शटल कक्षेतून अचानक खाली बुडी मारून मॉस्कोवर अणुबॉम्ब टाकून जाईल. समोरच्या सोसायटीने बोअर मारायला घेतली की आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे होतं ना, त्यांना काहीतरी माहीत असणार, आपणही मारून ठेवू, पाण्याचं नंतर बघू, अगदी तेच. फक्त इथे दोन्हीकडे अण्वस्त्रं होती आणि सेक्रेटरीच्या जागी ब्रेझनेव्ह.

१७ फेब्रुवारी १९७६ला सरकारी हुकूम निघाला आणि पुढे ज्याचं नाव बुरान पडलं तो कार्यक्रम सुरू झाला. कशासाठी? तर अमेरिकेला ज्यासाठी हवंय त्यासाठी. अमेरिकेला कशासाठी हवंय? ते आपल्याला अजून कळलेलं नाही. मला हे वाक्य विनोदी वाटतं तितकंच भयानकही वाटतं, कारण पुढची सतरा वर्षं, हजाराच्या वर कारखाने आणि संस्था आणि साधारण १६ अब्ज रूबल या एका वाक्यावर उभे होते.

आणि ज्यांनी हे बांधलं त्यांनासुद्धा हे नको होतं, ही त्यातली अजून एक गोष्ट. व्हालेंतिन ग्लुश्को हे रॉकेट इंजिनांचे बाप, १९७४मध्ये त्यांच्या हातात एनर्जिया ही सगळी संस्था आली, तेव्हा त्यांच्या डोक्यात चंद्रावर तळ उभारायचा होता. ग्लेब लोझिनो-लोझिन्स्की यान बनवणाऱ्या मोल्निया संस्थेचे प्रमुख, ते आधी दहाएक वर्षं स्पिराल नावाच्या छोट्या, एका माणसाच्या अंतराळविमानावर काम करत होते आणि त्यांना मनापासून तेच पुढे न्यायचं होतं. वरून उत्तर आलं की नको, अमेरिकनांचं आहे तेवढं आणि तसंच पाहिजे, म्हणजे ते जे करतील ते आपल्यालाही करता येईल. आता एवढ्या हुशार माणसांना असं सांगितल्यावर त्यांना कसं वाटलं असेल, नोकरी केलेल्या कुणालाही कळेल.

मग ती कॉपी होती का? हा वाद इंटरनेटवर वीस वर्षं चालू आहे, दोन्ही बाजूचे लोक एकमेकांना झोडपत असतात. माझं मत विचाराल तर बाहेरून हो, सरळ सरळ कॉपी. फोटो शेजारी ठेवले तर घरचे विचारतात की एकच फोटो दोनदा का दाखवतोयस. अमेरिकन कागदपत्रं बरीचशी उघड मिळत होती, ती वाचली गेली, शिवाय हवेचे नियम दोन्ही देशांत सारखेच. पण आत शिरलं की चित्र बदलतं. शटलची तीन मोठी इंजिनं यानाच्या शेपटीला होती, म्हणजे दर वेळी ती वर नेऊन परत आणायची. बुरानला ती नव्हतीच. वर नेण्याचं सगळं काम संस्थेच्याच नावाच्या एनर्जिया रॉकेटचं, मध्ये हायड्रोजनवरची चार इंजिनं आणि बाजूला केरोसीनवरचे चार बूस्टर. याचा अर्थ बुरान हे त्या रॉकेटवर लादलेलं फक्त एक ओझं. ते काढून दुसरं काहीही बसवा, १०० टनांच्या आसपास वजन खालच्या कक्षेत जाईल. ग्लुश्कोंनी मला वाटतं इथे गुपचूप आपलं काम करून घेतलं, साहेबाला पाहिजे ते यान दिलं आणि स्वतःला पाहिजे ते चंद्राचं रॉकेट त्याच्या खाली बांधून ठेवलं.

त्या रॉकेटचं पहिलं उड्डाण १५ मे १९८७ला झालं तेव्हा वर बुरान नव्हतंच, पोल्युस नावाचा ८० टनांचा लष्करी प्रयोग होता. रॉकेटने चोख काम केलं. पोल्युसला सुटं झाल्यावर अर्धी गिरकी घेऊन मग आपलं इंजिन चालू करायचं होतं, ते अर्धी घेऊन थांबलंच नाही, पूर्ण फिरलं आणि उलट दिशेला जोर लावून सरळ पॅसिफिकमध्ये गेलं. काही दिवस आधीच गोर्बाचेव्ह कझाकस्तानातल्या बायकोनूर उड्डाणतळावर येऊन अंतराळात शस्त्रस्पर्धा नको असं बोलून गेले होते. सुटलो म्हणाले असतील बरेच जण.

आता वैमानिकांबद्दल. इगोर व्होल्क हे चाचणी वैमानिक, त्यांच्या हाताखाली एक तुकडी १९७७च्या सुमारास तयार व्हायला लागली. आपल्याकडे १९८४ म्हटलं की राकेश शर्मा आठवतात, एप्रिलमध्ये ते सॅल्युत-७वर गेले. त्याच स्थानकावर तीन महिन्यांनी, जुलैत, व्होल्क गेले होते आणि ते कशासाठी तर वजनरहित अवस्थेतून आलेल्या माणसाला लगेच विमान चालवता येतं का हे बघायला. सोयूझमधून कझाकस्तानात उतरले आणि थोड्याच वेळात तुपोलेव्ह-१५४ आणि मिग-२५ चालवून दाखवलं. पण या तुकडीला काय झालं कोण जाणे, एकेक माणूस गेला. चाचणी विमानं पडली, १९८८च्या ऑगस्टमध्ये अनातोली लेव्हचेंको ब्रेन ट्यूमरने गेले आणि त्याच महिन्यात अलेक्झांडर श्चुकिन विमान अपघातात गेले. रिमांतास स्टँकेव्हिच्यस हे व्होल्कबरोबर पहिल्यापासून उडणारे, ते १९९०मध्ये इटलीत एअर शोमध्ये सुखोई-२७ घेऊन कोसळले. इतकी वर्षं ज्या यानासाठी तयारी केली त्यात बसून अंतराळात एकालाही जाता आलं नाही.

कारण बुरान गेलं ते रिकामं गेलं.

पहिला प्रयत्न २९ ऑक्टोबर १९८८चा, सुटायला ५१ सेकंद उरलेली आणि रॉकेटपासून बाजूला व्हायचा एक आधार वेळेत हलला नाही म्हणून कॉम्प्युटरनेच थांबवलं. मग १५ नोव्हेंबर. मॉस्कोच्या घड्याळात पहाटेचे सहा, बायकोनूरला वादळाचा इशारा, तरी उडवायचं ठरलं. उड्डाण झालं, पृथ्वीभोवती दोन फेऱ्या झाल्या, तीन तास पंचवीस मिनिटांत सगळं संपलं. यापेक्षा जास्त वेळ राहण्याची तयारीच त्या यानाची नव्हती.

मी सॉफ्टवेअरमध्ये पोट भरतो त्यामुळे मला या सगळ्यात शेवटच्या काही मिनिटांचंच वेड आहे. ८०च्या आसपास टनांचं ग्लायडर, इंजिन नाही, म्हणजे चुकलं तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करायची सोय नाही. आत माणूस नाही. खाली धावपट्टीवर तिरका वारा, ताशी ६० किलोमीटरच्या घरात. सगळ्यांना वाटत होतं की ते एका बाजूने वळून येणार, मागावर मिग-२५ घेऊन मागोमेद तोल्बोयेव्ह तयार होते, आणि यानाने ऐनवेळी भलतंच वळण घेतलं, धावपट्टीच्या रेषेवरून पलीकडे गेलं आणि दुसऱ्याच बाजूने फिरून यायला लागलं. कंट्रोल रूममध्ये लोकांच्या पोटात गोळा आला, हे बिघडलं म्हणून. बिघडलं काहीच नव्हतं. वाऱ्याची माहिती खालून गेलेली होती, त्या प्रोग्रॅमने हिशोब केला की आपल्याकडे वेग आणि उंची जास्त शिल्लक आहे, ती आधी खर्च केली पाहिजे, आणि त्याने लांबचा रस्ता धरला. मधल्या रेषेपासून तीनेक मीटरवर टेकलं आणि ठरलेल्या वेळेच्या साधारण एक सेकंद आधी. ऐंशीच्या दशकातलं सोव्हिएत कॉम्प्युटर हार्डवेअर, त्यासाठी खास बनवलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, आणि हा निकाल. मी आजही डिप्लॉयमेंटच्या रात्री स्क्रीनकडे बघत बसतो तेव्हा मला ते लोक आठवतात ज्यांना आपण लिहिलेलं बरोबर चाललंय हे बघूनसुद्धा कळलं नाही. परतताना उष्णतेपासून वाचवणाऱ्या ३८,००० टाइल्सपैकी पडल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. इस्रोने २ एप्रिल २०२३ला चित्रदुर्गला हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटरवरून आपलं छोटं पंखवालं यान सोडलं आणि ते एकटंच येऊन धावपट्टीवर उतरलं तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे जय हो करत होते आणि मी मात्र त्यांना बुरानचे जुने व्हिडिओ पाठवून बोअर करत होतो.

बरं, उतरलं, पुढे काय? पुढे काहीच नाही. ते पुन्हा उडालं नाही. १० जानेवारी १९८९ला, म्हणजे दोन महिनेसुद्धा व्हायच्या आत, ग्लुश्को गेले. त्याच वर्षी बुरानला एएन-२२५ मरिया या राक्षसी विमानाच्या पाठीवर बसवून पॅरिसच्या एअर शोला नेऊन आणलं, लोकांनी तोंडात बोटं घातली, फोटो काढले. ते विमान मुळात यासाठीच किएव्हमध्ये बनवलं होतं. पण वर न्यायचं काय हा प्रश्न जो १९७६ला विचारायचा राहिला होता तो आता रोख पैसे मागायला लागला, आणि सोव्हिएत लष्करालाही तोपर्यंत कळलं होतं की आपल्यालाही याचं काही काम नाही. मग देशच राहिला नाही. १९९३मध्ये येल्त्सिनच्या काळात अधिकृतपणे बंद, खरं तर पैसे आधीच थांबले होते.

मी जर्मनीत राहायला आलो तेव्हा पहिल्या काही विकेंड्समध्येच श्पायरला जाऊन आलो, आमच्यापासून जवळ आहे. ऱ्हाईनकाठचं गाव, मोठं जुनं कॅथेड्रल, आणि पलीकडे टेक्निकचं म्युझियम जिथे खांबांवर अख्खं जंबो जेट चढवून ठेवलंय. तिथल्या हॉलमध्ये बुरान आहे. म्हणजे अंतराळात गेलेलं नाही, वातावरणात लँडिंगचा सराव करायला बनवलेलं त्याचं भावंड, मागे चार जेट इंजिनं लावलेली, त्यामुळे स्वतःच्या जोरावर धावपट्टीवरून उडायचं. व्होल्क आणि त्यांच्या लोकांनी १९८५ ते १९८८मध्ये याच्यावर हात बसवला. जिना चढून वर जाता येतं. मी कॉकपिटच्या काचेला नाक लावून उभा होतो आणि मागून एक जर्मन आजोबा नातवाला सांगत होते की हे अमेरिकन शटल आहे. मी काही बोललो नाही, उगीच कशाला. टाइल्स जवळून बघितल्या तर प्रत्येकीवर नंबर, कडा खरखरीत, एकही दुसरीसारखी नाही.

त्याचा श्पायरपर्यंतचा प्रवास एखाद्या कर्जबाजारी सर्कशीचा आहे. २०००च्या ऑलिंपिकला सिडनीत नेऊन तिकीट लावून दाखवलं, ते चाललं नाही. मग २००२मध्ये बहरीन, तिथून पैशांच्या भांडणात ते बंदराजवळ उन्हातान्हात पडून राहिलं. २००४मध्ये काही जर्मन पत्रकारांना दिसलं, म्युझियमने मागे लागून विकत घेतलं आणि २००८च्या एप्रिलमध्ये बोटीवरून ऱ्हाईनमधून ते वाजतगाजत आलं. मॉस्कोत गोर्की पार्कमध्ये अजून एक सांगाडा वर्षानुवर्षं होता, मुलांना फिरवायला, नंतर तो व्हीडीएनएखाच्या प्रदर्शनात हलवला. आमच्या लहानपणी घरात 'सोव्हिएत देश' मासिक यायचं, गुळगुळीत कागद, आई त्याची वह्यांना कव्हरं घालायची. कुठल्या विषयाच्या वहीवर कुठलं रॉकेट होतं हे मला अजून आठवतं. तर ते सगळं भव्य प्रकरण असं जत्रेत उभं बघायला विचित्र वाटतंच, पण खोटं कशाला बोलू, वाईट वाटत नाही. जत्रेत निदान पोरं तरी चढतात.

वाईट वाटतं ते खऱ्याचं. जे एकमेव अंतराळात जाऊन आलं ते बायकोनूरच्या हँगरमध्ये एनर्जियाच्या नमुन्यावर चढवून ठेवलं होतं. १२ मे २००२ला त्या हँगरचं छत कोसळलं. दुरुस्तीसाठी वर गेलेले आठ कामगार मेले आणि खाली यान चिरडलं गेलं. लोक लिहितात तेव्हा यानाबद्दल पानभर हळहळ असते आणि कामगार एका ओळीत, मीही आत्ता तेच केलंय बहुतेक. पण ते आठ जण बंद पडलेल्या कार्यक्रमाचं गळकं छप्पर दुरुस्त करायला गेले होते एवढं तरी नीट लिहिलं पाहिजे.

मला या गोष्टीत हल्ली सगळ्यात जास्त रस कशात आहे सांगू? बुरानचं काय उरलं आणि ते कुणाकडे गेलं यात. यादी नाही देत, पण बघा. एनर्जियाच्या बूस्टरचं इंजिन आरडी-१७०, चार तोंडांचं. त्याचं निम्मं करून दोन तोंडांचं आरडी-१८० बनवलं आणि ते विकलं कुणाला, तर अमेरिकेला. ते अॅटलास-५ रॉकेटला लागलं. प्लूटोकडे गेलेलं न्यू होरायझन्स त्याच्यावर गेलं, मंगळावरची क्युरिऑसिटी त्याच्यावर गेली. आणि २०१०मध्ये अमेरिकन हवाई दलाचं एक्स-३७बी, माणूस नसलेलं, गुप्त, लष्करी, पंख असलेलं, स्वतःचं स्वतः येऊन धावपट्टीवर उतरणारं छोटं शटल, तेही पहिल्यांदा याच रॉकेटवरून वर गेलं. म्हणजे मॉस्कोतल्या त्या लोकांना १९७६मध्ये ज्याची भीती वाटत होती ते जवळजवळ तंतोतंत खरं झालं, चौतीस वर्षं उशिरा, आणि ते ढकललं त्या भीतीपोटी बनवलेल्या इंजिनाच्या धाकट्या भावाने.

तसंच मीर या सोव्हिएत अंतराळस्थानकाचं. १९९०मध्ये त्याला क्रिस्टाल हा भाग जोडला, त्यात एक खास दरवाजा होता जो बुरानने येऊन लागावं म्हणून ठेवला होता. बुरान काही आलं नाही. १९९५च्या जूनमध्ये त्या दरवाज्याला येऊन लागलं ते अमेरिकेचं अटलांटिस शटल. पाहुण्यासाठी खोली काढावी आणि ज्याच्या धसक्याने घर बांधलं तोच येऊन राहावा, असं झालं हे.

आणि लोझिनो-लोझिन्स्कींचं ते नाकारलेलं स्पिराल. टाइल्स तापल्यावर टिकतात का बघायला त्याच आकाराची छोटी याने, बोर-४, बुरानच्या कामात वापरली गेली. १९८२ आणि १९८३मध्ये ती आपल्या हिंदी महासागरात उतरवली, आणि सोव्हिएत जहाजं ती उचलत असताना ऑस्ट्रेलियाच्या विमानाने वरून धडाधड फोटो काढले. नासाच्या लोकांनी फोटोंवरून मॉडेल बनवलं, वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं आणि त्यांना दिसलं की अरे हे तर फारच उत्तम उडतंय. त्यातून एचएल-२० या यानाचं डिझाइन आलं आणि त्यातून आजचं ड्रीम चेसर हे अमेरिकन अंतराळविमान. वरच्या साहेबांनी ते सोडून अमेरिकनांचं करा म्हणून सांगितलं, आणि अमेरिकनांनी नेमकं तेच उचललं! कॉपीच्या वादात हा मुद्दा कुणी काढत नाही, कारण मग दोन्ही बाजूंची पंचाईत होते.

मरियाही गेलं, २०२२च्या फेब्रुवारीत होस्तोमेलच्या विमानतळावर, रशियाने हल्ला केला तेव्हा. ज्या विमानाने बुरान पाठीवर वाहिलं ते रशिया आणि युक्रेन या दोन जुन्या सहकाऱ्यांच्या लढाईत जळलं, यावर मी काय लिहिणार.

राहिलं दुसरं यान. ते जवळजवळ पूर्ण झालेलं, मीरला जोडायच्या तयारीत असलेलं, अजून बायकोनूरजवळ एका प्रचंड बंद इमारतीत एका नमुन्याशेजारी उभं आहे. २०१५मध्ये त्याचे फोटो जगभर फिरले, धुळीने भरलेली टाइल्सची रांग, तुटक्या काचा, तेव्हापासून रात्री वाळवंटातून चालत जाऊन कुंपणाखालून आत शिरणाऱ्यांची रीघ लागली. २०२४च्या उन्हाळ्यात एक फ्रेंच तरुण तिथे पोचायच्या नादात पाण्यावाचून मेला, तेव्हा हे धाडस वगैरे ठीक आहे पण करू नका. २०२१मध्ये कुणीतरी यानावर स्प्रे पेंटने गिचमिड करून ठेवली आणि रशियात संताप झाला, की आम्ही ते परत नेतो आणि म्युझियममध्ये ठेवतो. तर कझाकस्तानातला एक उद्योजक म्हणाला, ते माझ्या मालकीचं आहे. देईन, पण बदल्यात आमच्या केनेसारी खानाची कवटी द्या. हा कझाकांचा शेवटचा खान, रशियन साम्राज्याविरुद्ध लढला, १८४७मध्ये मारला गेला, आणि त्याचं मुंडकं रशियनांकडे पाठवलं होतं असं तिथे मानतात. अंतराळ खात्यातल्या माणसाने या पत्राला कुठल्या फाइलमध्ये लावलं असेल याचा मी बराच विचार केला. कवटी अजून मिळालेली नाही, यानही जागचं हललेलं नाही.